हेल्मेटमधला पाहुणा

माझ्या दिराचं म्हणणं असं, की विज्ञान शिकवणाऱ्या बाईला विज्ञानकथा लिहिता आलीच पाहिजे. म्हणजे भूगोल शिकवणाऱ्याला एसटी चालवता आलीच पाहिजे, तसं. पण दीर तो दीर, त्याला कोण समजावणार? लग्नाचं शूटिंग करायचा त्याचा धंदा जळगावात बरा चालतो. मात्र आषाढ संपत आला, लग्नं थांबली, की रिकामा कॅमेरा त्याला घरात बघवत नाही. अशाच एका आषाढात तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "वहिनी, परग्रहावरचा माणूस आपल्या केळीच्या बागेत उतरतो. पुढचं तुम्ही लिहा. छोटंसंच."

मी लिहिलं. यान उतरतं, पाहुणा बाहेर येतो, माती हातात घेतो, केळीचं पान न्याहाळतो आणि निघून जातो. शेवटी माणसाच्या एकटेपणाबद्दल दोन वाक्यं होती. मला ती फार आवडली होती हो, शाळेत बाकीच्या बायकांना वाचूनही दाखवली होती.

ती वाक्यं आजपर्यंत कुणी ऐकलेली नाहीत. कारण शेवटच्या शॉटला माझ्या सासूबाई जेवणाचं गाठोडं घेऊन बागेत पोचल्या. पाहुण्याचा एक पाय यानात, एक बाहेर, आणि सासूबाई डोक्यावरचं गाठोडं सांभाळत थेट कॅमेऱ्यासमोर! "ओ भाऊ, कोठे चालनात? पहिले जेवाले बसा!" दीर ओरडला, "आई, शॉट चालू आहे!" त्यावर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे चालू. दोन घास खाईसन जाई तो." भर दुपारी शेतातून कुणी उपाशी निघालंय हे त्यांना चालण्यासारखंच नव्हतं, मग तो मंगळावरचा असो नाहीतर म्हसावदचा. हेल्मेटमधला माणूस क्षणभर घुटमळला. मग पाय बाहेर काढून मुकाट्याने येऊन बसला.

दिराने तो तुकडा तसाच ठेवला आणि लोकांनी उचलून धरला. पुढं काय झालं, पाहुणा काय जेवला, असं जो तो विचारायला लागला. म्हणून दुसरा भाग केला, मग तिसरा. आधी गावच्या केबलवर, नंतर मोबाइलवर. मालिका अहिराणीत, त्यामुळे धुळ्यापासून पार सुरतेत जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांपर्यंत पोचली. इतकी वर्षं झाली, पाहुणा अजून निघालेला नाही. दर भागात तो निघतो आणि दर भागात अक्का त्याला अडवते. अक्का म्हणजे आमच्या सासूबाईच, दुसरं कोण? कधी श्रावणात घरी कानबाई देवी बसणार असते, प्रसादाचे रोट खाल्ल्याशिवाय जायचं नाही. कधी भरीत पार्टी ठरलेली असते, कधी शेजारच्या पोरीचं लग्न. दुसऱ्यांच्या मालिकांत यान बिघडतं. आमचं यान ठणठणीत आहे, माणसंच सोडत नाहीत.

यान म्हणजे पाण्याच्या जुन्या टाकीचा वरचा अर्धा भाग, चांदीच्या रंगाने रंगवलेला. सरपंचाचं एक पात्र आहे, ते वर्षानुवर्षं त्या यानाला घरपट्टी लावायच्या मागे आहे. पाहुण्याचा पोशाख मी शिवला. हेल्मेट मोटारसायकलचं, त्याला ठिबकच्या काळ्या नळ्या चिकटवलेल्या आणि पुढं गाडीच्या काचेला लावतात ती काळी फिल्म. आतला चेहरा कुणाला दिसत नाही. जेवणाचा प्रसंग आला की पाहुणा कॅमेऱ्याकडे पाठ करतो, हेल्मेट काढतो आणि जेवतो. लोकांना ती पाठच आवडायला लागली. एक गुडघा उभा, एक आडवा, आणि भाकरी मोडताना हलणारे खांदे. पोरंटोरं जत्रेत त्याची नक्कल करतात म्हणे.

हेल्मेटच्या आतला माणूस धरणगावच्या एका जिनिंग मिलमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर कामाला आहे. दिराच्या ओळखीतून आलेला, चाळिशीचा, बोलायला कमी. कापसाचा हंगाम सुरू झाला की त्याला सुट्टी मिळत नाही, म्हणून आमचा पाहुणा ऐन हिवाळ्यात यानात लांब झोप काढतो. प्रेक्षकांना वाटतं, काय डोकं लावलंय लेखिकेने! त्याला आम्ही सगळे पाहुणाच म्हणतो. मीही "काय पाहुणे, चहा घेणार?" असंच विचारते.

तिसऱ्या वर्षी दिराच्या मनात आलं, की आता चेहरा दाखवायचा. हिरवा रंग लावायचा, डोळ्यांभोवती चांदी. लोक मागत होतेच. पाहुणा एकदम म्हणाला, "नाही जमणार." दीर चिडला, मानधन वाढवू म्हणाला, काही उपयोग झाला नाही. मी चहा घेऊन त्याच्यामागे बांधावर गेले. माझा स्वभाव असा, की कुणी नाही म्हणालं की का नाही, हे ऐकल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

तेव्हा त्याने सांगितलं. त्याचा बाप तमाशाच्या फडात सोंगाड्या होता. हंगाम संपला की घरी यायचा, चेहऱ्यावरचा रंग कानामागं तसाच राहिलेला असायचा. एका वर्षी हंगाम संपला आणि बाप आला नाही. नंतरही कधी आला नाही. धुळ्याकडच्या त्यांच्या गावात आईने एकटीने, लोकांच्या शेतात राबून, पोराला वाढवलं. आणि नकला करताना तो दिसला तेव्हा भाकरीवर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली, की तोंडाला रंग लावणार नाही.

"मग तुम्ही कुठं लावलाय?" मी म्हटलं. "हेल्मेटच तर घालता. शपथ मोडली कुठं?"

"मीही तसंच समजून हे काम घेतलं, मॅडम," तो म्हणाला. "पण तिला रंग नको होता असं थोडंच आहे? तिला सोंग नको होतं. बापाचं नाव तिने घरात पुन्हा काढलं नाही. उद्या तिला कळलं, तर माझंही काढणार नाही. ती बोलणं टाकेल, आणि तिच्याशिवाय मला कोण आहे?"

एवढ्यावरच थांबलं असतं तर ठीक होतं. पण म्हातारी आमची मालिका बघत होती! शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर, दर रविवारी, न चुकता. आणि सोमवारी लेकाचा फोन आला की सगळी गोष्ट त्यालाच सांगायची. अक्काने पाहुण्याला काय रांधून घातलं, सरपंच काय म्हणाला. हा बिचारा जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांच्या मध्ये उभा राहून "हं, हं" करायचा. एकदा ती म्हणाली, "बिचाराले माय नही वाटस. माय ऱ्हाती तं इतला दिन दुसरास्ना घर ऱ्हाता का?" हे मला सांगताना तो हसला खरा, पण चहा अर्धाच ठेवून उठला.

"अहो, सांगून टाका एकदाचं!" मी किती वेळा म्हटलं असेल. "सांगतो, सांगतो," म्हणायचा. म्हणायचा, घरी गेलं की आईसमोर भाकरीसुद्धा नीट जात नाही. अर्धी खाऊन उठतो. खोटं घेऊन जेवायला बसायचं म्हणजे घास अडकणारच की.

मग म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, जळगावात. ऑपरेशन नीट झालं, डोळ्यांवर काळा चष्मा आला आणि तपासणीसाठी काही दिवस ती लेकाकडे राहिली. राहिली ती राहिली, वर हट्ट धरला, "मले तो पाहुना दखाले लई चाल." जळगावात येऊन पाहुण्याला न भेटता गेले तर गावात काय तोंड दाखवू, असं तिचं म्हणणं. आता आली का पंचाईत! हा आईशेजारी उभा राहणार की हेल्मेटमध्ये शिरणार?

दीर म्हणाला, "सोपं आहे. हेल्मेट मी घालतो." मला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, एक खोटं झाकायला दुसरं, अन् तेही एवढ्या म्हाताऱ्या बाईसमोर, लाज वाटत नाही का रे? पण पाहुण्याने माझ्यापुढे हात जोडले. "मॅडम, एकदाच. तिला बघू द्या आणि खुशीत गावी जाऊ द्या."  मी हेल्मेट पुसून दिराच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी म्हातारी बागेत आली. सुपाएवढी बाई, फिकट लुगडं, काळा चष्मा, लेकाचा हात धरलेला. सासूबाईंना बघून तिला इतका आनंद झाला, की दोघी जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या केळीच्या सावलीत बसून बोलायला लागल्या. यानाला तिने हात लावून बघितला. मग यानातून पाहुणा उतरला. तिने हात जोडले. तोही काळ्या काचेतून बघत होता, तीही. मला हसू येत होतं.

सासूबाईंनी पान वाढलं, शेवभाजी, कळण्याची भाकरी, कांदा. पाहुण्याने पाठ केली, हेल्मेट काढलं आणि मांडी घालून जेवायला बसला. कॅमेरा चालू होता. 

"हाऊ कोन शे?" म्हातारी म्हणाली.

दीर खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

"आपला पाहुना नही हाऊ," ती सासूबाईंना म्हणाली, चांगली खणखणीत. "तो एक गुडघा उभा करीसन बसस. हाऊ कोन बसाडेल शे?"

दीर हातात घास घेऊन तसाच थिजला. लग्नात हजार माणसं उभी-आडवी बसवणारा हा माणूस, आणि याला स्वतःला कसं बसायचं ते आठवू नये! मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते, की पाहुणे आजारी आहेत वगैरे. पण म्हातारीने मानच वळवली नाही माझ्याकडे. ती आपल्या लेकाकडे वळली. तो कॅमेऱ्याच्या तिपाईशी उभा होता, चेहरा पांढराफटक.

"तू आठे कसाले उभा शे?" ती म्हणाली. "जाय ना. तुन्ही भाकर थंडी व्हई राहिनी."

तो जागचा हलला नाही. मग एकदम खालीच बसला, मातीत, आणि आईचे पाय धरून रडायला लागला. एवढा मोठा माणूस. "माय, मी सांगनार व्हतू..." एवढंच पुन्हा पुन्हा. मला पुढचं ऐकवेना. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू?

म्हातारी रडली नाही. "तू सांगशी, म्हनीसन मी वाट दखी राहिंती," ती म्हणाली. किती दिवसांपासून, ते तिने सांगितलं नाही आणि कुणाची विचारायची हिंमत झाली नाही. म्हणजे सोमवारच्या त्या गोष्टी ती कुणाला सांगत होती आणि कशासाठी, ते आता मला कळलं. दर आठवड्याला बाई त्याला दार उघडून देत होती आणि हा "हं, हं" करत बाहेरच उभा राहत होता.

मग तिने त्याला उठवलं. "काम अर्धं सोडानं नही," म्हणाली. त्याने पोशाख चढवला, हेल्मेट घातलं, तो उतरला, पाठ करून बसला, एक गुडघा उभा, आणि जेवला. त्या भाकरीनंतर सासूबाईंनी आणखी वाढली, तीही संपवली. दिराने शॉट पहिल्याच फटक्यात घेतला.

काम झालं तसा तो हेल्मेट काढून आईसमोर येऊन उभा राहिला. एप्रिलचं ऊन आणि ते काळं हेल्मेट, चेहऱ्यावरून घाम नुसता निथळत होता. तिने चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं, पण काढला. पदराचा कोपरा हातात घेतला आणि त्याचं कपाळ पुसलं, गाल पुसले, मान वाकवायला लावून कानांच्या मागं पुसलं. मग तो पदर उन्हाकडे धरून नीट बघितला, या बाजूने, त्या बाजूने.

"रंग लाया का रे?"

"नही माय. एक दिन बी नही."

पदर ओला झाला होता, बाकी त्यावर काही नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. दिराचा हात कॅमेऱ्याकडे जाताना मला दिसला, मी तो तिथल्या तिथे धरला.

"तुना बाप बी असाच घामेघूम व्हये," म्हातारी म्हणाली. "मी कधी पुसं नही."