केसाएवढं आढं

कारखान्यात त्यांना सगळे टोकवाले काका म्हणत. तिथे काळ्या, काचेसारख्या दगडाचे पिरॅमिड घडत. तळहातावर मावतील एवढे, लोकांच्या टेबलांवर शोभेला ठेवायचे. दगड कापणारे वेगळे, चकाकी देणारे वेगळे. चारही कडा वर नेमक्या एका बिंदूत मिळवायचं काम मात्र एकट्या काकांचं. जरा हात चुकला की समोरासमोरच्या दोन बाजू आधी भेटतात आणि टोकाच्या जागी छपरासारखी बारीक रेघ उरते. तिला कारखान्यात आढं म्हणत. काकांच्या हातून कधी आढं राहिलं नाही, आणि तेच त्यांना भोवलं. चांगलं काम करणाऱ्याला कोण सोडतो?

दगड घासायच्या चाकावर सतत पाणी पडायचं. शिंतोडे इतरांवर उडू नयेत म्हणून ते चाक भिंतीकडे तोंड करून बसवलेलं. बावीस वर्षं काकांनी ती भिंत पाहिली. अलीकडे तर चाकाशी बसलं की त्यांचा जीव गुदमरायचा. बायको दोन वर्षांपासून लेकीकडे होती. जावयाची रोपवाटिका होती, सासऱ्यांसाठी त्यानं तिथलं काम राखून ठेवलं होतं. पण येत्या एक तारखेपर्यंतच. पुढे त्यालाही माणूस हवाच होता.

सरळ निघून जायचं, असं तुम्ही म्हणाल. पण बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मालक आठवडाभर दवाखान्यात हेलपाटे घालत होते, आणि तेव्हा काकांनी आपणहून शब्द दिला होता: तयार माणूस दिल्याशिवाय जाणार नाही. असला शब्द कोणी मागितलाही नव्हता. याआधी दोघांना शिकवून झालं. दोघांनाही काकांनीच नापास केलं.

तिसरी पॅकिंगमधली बाई. चाळिशीची, दोन मुलांची आई, तोंडानं फटकळ आणि हातानं शांत. चार महिन्यांत तिचा हात असा बसला की काका मनातून हरखले. मालकांनी अट घातली, तिचे पाच नग द्या, मला एकातही खोट दिसली नाही तर तुम्ही मोकळे.

महिनाअखेरीला पाच पिरॅमिड मालकांच्या टेबलावर मांडले. मालकांनी चष्मा पुसला, एकेक उजेडात धरून फिरवला आणि भिंगातूनही पाहिला. बाई कपाळावर आठ्या घालून उभी.

"काका, सुटलात तुम्ही," मालक म्हणाले आणि हसले.

काका पण हसले. नग डब्यात भरायला त्यांनी उचलले. आणि आता या खुळ्या माणसाला काय म्हणावं, सवयीनं प्रत्येकाच्या टोकावरून अंगठा फिरवला. चौथ्याला अंगठा थांबला. गप्प बसायचं होतं. डबा बंद करायचा आणि घरी जाऊन बॅग भरायची, एवढंच. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, तिला कळलं, तिनं मान हलवून नको म्हटलं. काका चौथा नग घेऊन चाकाकडे वळले.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"आढं आहे," काका म्हणाले.

मालकांचं हसू मावळलं. मग अजून थोडे दिवस थांबा, असं ते म्हणाले, तेही समजुतीच्या सुरात. बाई तरातरा पॅकिंगच्या खोलीत निघून गेली आणि दिवसभर काकांशी बोलली नाही. काका भिंतीकडे तोंड करून बसले. टोक दोन मिनिटांत दुरुस्त झालं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन लावला. तिनं कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला होता, तेच ती सांगत होती. काकांनी मध्येच सगळं सांगून टाकलं.

"केवढं होतं?" तिनं विचारलं.

"केसाएवढं."

फोनवर कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली, "आता मी वाट बघत नाही. वेळेवर जेवत जा."