तिसऱ्या खांबापाशी

माझ्या सावियाह मावशीला दोन नवरे झाले आणि दोघांपैकी एकही टिकला नाही. पहिला कामासाठी जावा बेटावर गेला तो गेलाच. दुसऱ्याने तिला पेकानबारू शहरात नेलं, पक्कं घर दिलं, दारात नळ दिला. महिन्याभरात बाई बोचकं काखोटीला मारून परत. माझ्या आईने कारण विचारलं तर म्हणाली, "तिथे घर त्याचं, मी पाहुणी. उठताबसता त्याच्या तोंडाकडे बघायचं. इथे नवरा पाहुणा असतो, ते बरं." आई खूप हसली. मावशीने मात्र ते हसण्यासाठी सांगितलेलं नव्हतं.

आमचं शिंगांसारख्या टोकांच्या छपराचं मोठं घर आणि त्यामागचं भातखाचर पणजीच्याही आधीपासून आईकडून लेकीकडे येत आलेलं. मावशीला मुलगी नाही, एकच मुलगा, तोही दूर मेदानला. म्हणजे आई आणि ती, दोघींच्या मागे ते माझं आणि माझ्या पोरींचं. रोज पहाटे ती बांधावरून फिरायची, उंदरांच्या सात पिढ्या उद्धरायची, एकेका पाटाचं तोंड हाताने चाचपायची. डोक्याला जाड कापडाचं दुहेरी घडीचं फडकं. ते मी तिच्या डोक्यावरून उतरलेलं फारसं पाहिलेलं नाही.

बुस्तामी मामा तिचा थोरला भाऊ. जमीन बायकांची असली तरी तिची देखरेख मामाची, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. मामा राहायचा त्याच्या बायकोकडे, ओढ्यापलीकडे. त्याच्या मुलाला, अफ्रिझालला, पादांगच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवायची होती आणि गाडी घ्यायला हातात काही नव्हतं. अफ्रिझाल पोरगा वाईट नव्हे, पण तो त्याच्या आईच्या कुळाचा. आमच्या खाचराशी त्याचा काडीचा संबंध नाही. मामाचा जीव मात्र त्याच्यातच अडकलेला. बापाचं काळीज आहे, मला कळतं. कळलं म्हणून राग थोडाच जातो?

कुळाची जमीन विकता येत नाही. गहाण टाकायची तर चारच कारणं चालतात: घरात प्रेत पडून आहे आणि मातीला काही नाही, वाढत्या वयाची मुलगी लग्नाची राहिली आहे, कुळाला नवा मुखिया बसवायचा आहे, किंवा मोठं घर गळतंय. पहिली तीन आमच्याकडे नव्हती. चौथं होतं, आणि मामाने ते हेरलं. एकदा पाऊस पडत असताना तो आला होता आणि त्याने गळतीखाली ठेवलेली बादली पाहिली होती.

"छप्पर दुरुस्त करू, उरलेल्यातून पोराचीही सोय होईल," तो म्हणाला.

"उरलेल्यातून?" मावशीने सुपारी कातरता कातरता विचारलं. "छपराला पत्रे चार लागतील दादा, आणि गहाण पडेल अख्खं खाचर. सोडवणार कोण, अफ्रिझालची गाडी?"

"तू त्या खाचराशीच निकाह लावायला हवा होतास."

"लावला असता तर बरं झालं असतं. ते तरी मला सोडून गेलं नसतं."

मामाने ते मनाला लावून घेतलं. थेट कुळाच्या मुखियाकडे, दातुकांकडे गेला. दातुक सावध माणूस. म्हणाले, शुक्रवारच्या नमाजानंतर आम्ही वडीलधारे येऊन बसतो. दिवस पावसाचे आहेत, रोज दुपारी पडतोच. घर गळतंय की नाही, डोळ्यांनीच बघू.

त्या आठवड्यात मावशी माळ्यावर चढली. गुडघे दुखतात म्हणून एरवी तीन पायऱ्या उतरताना माझा खांदा धरणारी बाई काथ्या आणि तापलेल्या डांबराचा डबा घेऊन वासे धरत रांगत गेली. माझ्या नवऱ्याला सांगितलं असतं तर तो चढला असता, पण जावई बायकोच्या घराच्या छपरावर दिसला की गावभर बोभाटा. तीन भोकं तिने बुजवली. चौथं मधल्या शिंगाच्या मुळाशी होतं, तिथला वासा कुजलेला. पाय ठेवला असता तर खालीच आली असती. उतरली तेव्हा तिचे हात भाजले होते आणि तोंडावर डांबर होतं.

"राहिलं एक," ती म्हणाली. "तिसऱ्या खांबापाशी."

शुक्रवारी पाहुणे जेवले. भिंतीलगत पुरुष बसले, मधोमध दातुक. मी कॉफी आणि तळलेली केळी फिरवत होते आणि खिडकीतून डोंगराकडे बघत होते. डोंगर काळा पडत चालला होता. मामाही तिकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

बायकांची जागा स्वयंपाकघराच्या बाजूला. मावशी मात्र पानाचा डबा घेऊन आली आणि तिसऱ्या खांबापाशी मांडी दुमडून बसली. एका म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. पण घरातली सर्वांत मोठी बाई ती. तिला कोण काय बोलणार?

पाऊस आला तो एकदम. पत्र्यावर असा धडधडाट की दातुकांना ओरडून बोलावं लागलं. सगळ्यांच्या माना वर. मामा उठला आणि वर बघत बघत घरभर फिरू लागला. तो या घरात जन्मला, पण आमच्याकडचे मुलगे जरा मोठे झाले की मशिदीच्या पडवीत झोपतात आणि लग्नानंतर बायकोकडे. बादली पाहिली होती, पण ती नेमकी कुठे होती ते त्याला आठवेना.

"इथेच कुठेतरी होती!" तो ओरडला.

मी कॉफी घेऊन मावशीजवळ वाकले आणि पाहिलं. वरून थेंब पडत होते, एकामागून एक, बरोबर तिच्या डोक्यावरच्या घडीत. आवाज नाही, काही नाही. कापड पाणी पीत होतं. मावशी पानाला चुना लावत होती. मी तोंड उघडलं तशी तिने फक्त डोळे वटारले.

म्हातारे केळी खात बसले, पाऊस थांबायचं नाव घेईना. कापड भरलं. पाणी मानेवरून तिच्या काळ्या अंगरख्यात उतरताना मला दिसत होतं. काळा रंग तिने मुद्दाम घातला होता हे मला तेव्हा कळलं.

"सावियाह," दातुकांनी विचारलं, "घर तुमचं. तुम्ही सांगा, गळतं का?"

"तुम्ही बसलाच आहात दातुक. कुणी भिजलंय का?"

म्हातारे हसले. मामा हसला नाही. तो आता तिसऱ्या खांबाकडे येत होता.

"ऊठ जरा. तुझ्या मागे बघू दे."

"गुडघे धरलेत रे दादा."

"मी देतो ना हात."

त्याने खाली वाकून तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार असणार, बाही निथळत होती. तो वाकलेला असतानाच एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. त्याने मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मावशी थरथरत होती; दात वाजू नयेत म्हणून पान गच्च चावून धरलं होतं. ती त्याच्याकडे नुसती बघत होती. विनवणी नव्हती, राग नव्हता. लहान असताना ती त्याच्याकडे कशी बघायची ते मला ठाऊक नाही, पण तसंच असेल.

मागून दातुकांनी विचारलं, "काय बुस्तामी?"

मामाने तिचा हात सोडला. स्वतःचं मनगट लुंगीला पुसलं.

"काही नाही," तो म्हणाला. "इथे कोरडं आहे. बसू दे तिला."

खाचर राहिलं. अफ्रिझाल कित्येक महिने बापाशी बोलला नाही. मावशी तापाने पडली, उठली, पुन्हा बांधावरून फिरायला लागली. दर सुगीला आम्ही एकेक पत्रा बदलत गेलो, पण शिंगाच्या मुळाशी हात घालायची अजून कुणाची छाती झाली नव्हती. त्या शुक्रवाराबद्दल भाऊबहीण एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

मग मामी वारली. बायको गेली की नवऱ्याचं त्या घरात काही उरत नाही. मातीनंतर मामा ओढा ओलांडून आला, हातात एक बोचकं, अंगावर मातीला घातलेलेच कपडे. दारातल्या पायऱ्यांवर घुटमळला. आत यायला त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती, तरी उभाच राहिला.

"तुझ्या गाडीवाल्या पोराने आणून सोडलं नाही वाटतं?" मावशी आतून म्हणाली.

मामा आत आला आणि पाय नेतील तिथे, तिसऱ्या खांबाला टेकून बसला. डोंगर काळा झाला होता. मावशी आत गेली, बादली घेऊन आली आणि त्याच्या शेजारी आपटली.

"सरक दादा," ती म्हणाली. "तिथे गळतं."