पहिल्या दिवसाचा प्रश्न

माझा थोरला भाऊ म्हणजे जगातला सगळ्यात हळू चालणारा माणूस, आणि त्याचा त्याला कोण गर्व! सव्वीस वर्षं लोकांना डोंगरावर नेतोय. एकाच अंगणात आमची दोन दारं, भिंतीला भिंत लागून, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. नोकरी मात्र एकाच ऑफिसात. तो पुढे गाईड, मी मागे आचारी. काही सांगायचंच असलं तर तो पातेल्याला सांगायचा. "भातात मीठ कमी आहे," पातेल्याकडे बघून. मीही पातेल्यालाच उत्तर द्यायचो.

पाहुणे त्याला मास्तर म्हणतात, कारण पहिल्या दिवशी सकाळी तो ऑफिसात शाळा भरवतो. खोली ती केवढीशी! एका भिंतीला दोर टांगलेले, खाली भाड्याच्या बुटांची रांग, आणि त्या बुटांच्या वासात बाकावर दाटीवाटीनं बसलेले पाहुणे. मास्तर उभा राहून सुरू करतो, "आज तुम्हाला वाटेल, हा माणूस आपल्याला मुद्दाम रखडवतोय. वाटू द्या. माझ्या पुढे कोणी जायचं नाही. धाप लागली की समजा तुमचा वेग चुकला. तहान नसली तरी घोट घोट पाणी प्यायचं. दुपारी मुक्कामावर पोचलात की लगेच आडवं व्हायचं नाही. उलट आणखी तासभर वर चढायचं आणि झोपायला खाली यायचं. डोकं थोडं दुखेल, भूक मरेल, झोप धड लागणार नाही. एवढ्याला घाबरायचं नाही. पण लपवायचंही नाही."

आणि मग त्याचा तो प्रश्न. वाटेत प्रत्येक थांब्यावर तो एकेकाच्या समोर जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "सकाळी निघताना शेवटचं कोणाशी बोललात? काय बोललात?" ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो पटकन सांगतो. उंचीची हवा ज्याला बाधली तो चाचपडतो. चाचपडला की खाली. रडा, भांडा, ओळखी सांगा, मास्तर ऐकत नाही.

मला हे चांगलं ठाऊक आहे, कारण दोन वर्षांपूर्वी त्यानं मलाच खाली पाठवलं. तेव्हा माझ्या छातीवरही गाईडचा बिल्ला होता. अंगात ताप होता, मी सांगितला नव्हता. अकरा पाहुण्यांच्या देखत त्यानं मला विचारलं. बायकोशी बोललो, एवढं आठवलं. काय बोललो ते काही केल्या आठवेना. "याला खाली न्या," तो म्हणाला. जणू मी सामानाचं गाठोडं! ऑफिसच्या रजिस्टरात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पहिल्या दिवशी परत पाठवले. कारण: लपवले.' लपवणाऱ्याचा बिल्ला जातो, हा नियमही त्यानंच करून घेतलेला. माझा बिल्ला गेला, हातात झारा आला. आठ दिवस मी तापानं फणफणत होतो. वहिनी दोनदा येऊन गेली. हा शेजारच्या दारातून एकदाही आला नाही. तेव्हापासून त्याचं तोंड बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने तो खाली, सपाटीवर, मुलीच्या घरी होता. परत आला तो जीपनं थेट घरापर्यंत, आणि दुसऱ्याच दिवशी पाहुणे घेऊन निघाला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. वहिनी कळवळून सांगत होती, "अहो, आठ दिवस तरी घरात बसा. पाहुण्यांना जे सांगता ते स्वतः करा की!"

"मी इथं जन्मलोय," हा म्हणाला. "मला कसली हवा बाधते?"

आमच्या माणसांची चूक होते ती नेमकी इथं. सपाटीवरचा माणूस निदान घाबरून तरी असतो. आम्हाला वाटतं, डोंगर आपल्याला ओळखतो. चार महिने खाली राहिलं की अंगाची सवय मोडते, पण ते मान्य कोण करणार?

पहिल्या थांब्यावर तो खोकला. दुसऱ्या थांब्यावर बसला. सव्वीस वर्षांत पहिल्या दिवशी बसलेला मी त्याला पाहिला नव्हता. पाणी प्यायला त्यानं हातमोजा काढला आणि मला त्याची नखं दिसली, निळसर पडलेली. मला लगेच कळलं. त्याच्या छातीत पाणी भरत होतं. वेळेत खाली नेला नाही तर तो मरणार होता, आणि हे तिथं माझ्याशिवाय कोणाला कळलं नव्हतं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मनात उकळ्या फुटल्या. म्हटलं, पड आता पाहुण्यांच्या देखत तोंडावर. कळू दे कसं वाटतं ते. भांडी पाठीवर घेऊन मी मागून चालत राहिलो, दोन तास, तोंडातून शब्द न काढता.

मुक्कामाच्या झोपडीपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं होतं. पाहुण्यांना त्यानं समोरच्या टेकाडावर चढायला सांगितलं, स्वतः चार पावलं टाकली आणि मटकन दगडावर बसला. पाहुण्यांत एक दातांची डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "मास्तर, बरं नाहीये का?"

"बुटात खडा गेलाय," तो म्हणाला. बुटाला हात काही लावला नाही. बसल्या बसल्याही त्याचा श्वास घरघरत होता.

मग मात्र मला राहवेना. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"दादा, सकाळी निघताना शेवटचं कोणाशी बोललास?"

त्यानं वर बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"तुझ्याशी," तो म्हणाला.

"काय बोललास?"

"तुझ्या दारात आलो होतो ना... विचारलं, ताप उतरला का तुझा?"

दोन वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली, ते हा आता, शुद्ध हरपताना बोलत होता.

"उत्तर चुकलं, दादा," मी म्हणालो.

"चुकलं?"

"चुकलं. चल खाली."

"मला खाली नेणारा तू कोण रे? पातेली घास जा!" तो ओरडायला गेला आणि खोकल्यानं दुमडला. डॉक्टरीणबाई धावली. झोपडीवाल्याकडचा ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, त्याच्याच घोड्यावर दादाला बसवला, आणि मी त्याची कंबर धरून उतरायला लागलो. वाटभर तो मला शिव्या देत होता. शेवटी शेवटी शिव्याही थांबल्या, तेव्हा मी घाबरलो. "दे ना शिव्या!" मी ओरडलो. "आता का गप्प बसलास?"

अंधार पडायच्या आत दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, वाचला. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दोन तास. मी तिथून बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो.

सकाळी नाकात नळी असतानाच त्यानं ऑफिसातून रजिस्टर मागवलं. "लिही," मला म्हणाला. मी 'पहिल्या दिवशी परत पाठवले. कारण:' इथपर्यंत लिहिलं आणि हात अडला.

"लपवले. लिही ना! अक्षरं विसरलास?"

लिहिलं. त्यानं सही ठोकली. मग मी म्हणालो, "मीही लपवलं, दादा. दुसऱ्या थांब्यावरच कळलं होतं मला."

त्यानं खुर्चीवरच्या जॅकेटवरून बिल्ला ओढून काढला आणि माझ्या अंगावर फेकला. नेम चुकला, बिल्ला पलंगाखाली गेला.

"पाहुणे वर बसलेत. त्यांना कोण बघणार, तुझा बाप? उचल तो. आणि हळू चाल, गाढवा."

दुपारी झोपडीपाशी पोचलो. डॉक्टरीणबाई दारातच उभी होती. मास्तर बरे आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, पण तिनं वाट काही सोडली नाही.

"आत नंतर. आधी सांगा, निघताना शेवटचं कोणाशी बोललात?"

"भावाशी."

"काय बोललात?"

"तो म्हणाला, हळू चाल, गाढवा. मी म्हणालो, येतो, दादा."

मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही.