न लिहिलेला अधिकार

संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत माझ्या शेजारी आमच्या तालुक्यातल्या गोदाक्का बसल्या होत्या. त्यांचं गाव धरणात जाणार होतं आणि खाली त्याच विधेयकावर चर्चा चालली होती. अर्धी बाकं रिकामी होती. एक सदस्य म्हणाले, "गावकरी आनंदाने जागा सोडताहेत." गोदाक्का कठडा धरून उठल्या आणि ओरडल्या, "खोटं आहे! आम्हांला कुणी विचारलंच नाही!"

खाली कुणीतरी हसलं. मार्शलांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि सभागृह उठेपर्यंत एका खोलीत बसवून ठेवलं.

मी तिथल्या मराठी अधिकाऱ्याला विचारलं, "हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं?" ते सौम्यपणे म्हणाले. "कायदे करायचे, तर सभागृहात शांतता हवी. ती राखायचा अधिकार त्यातच आला."

सत्तेचा अधिकार असा लेकुरवाळा असतो. एक लिहिला की त्याचं बोट धरून न लिहिलेले चार येतात. गोदाक्कांना मताचा अधिकार होता. त्याच्यामागून साधं विचारलं जाण्याचा अधिकारही आला नाही.

संध्याकाळी त्यांना सोडलं. पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "काय झालं हो?"

"मंजूर झालं, अक्का. घरी फोन लावून देऊ?"

त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"एवढ्यात नको. आज आमच्या विहिरीचा गाळ काढताहेत. दमली असतील माणसं, जेवून घेऊ देत."