सत्तावीस पोत्यांचा बास

आमच्या गावची हळद यंदा पंधरा दिवस बाजारात गेली नाही, याला कारण माझा सबवूफर.

गाण्यातला जाड, खालचा आवाज, म्हणजे बास, वाजवणारं ते काळं खोकं मी हिंगोलीहून मोटारसायकलच्या टाकीवर, लेकरू बसवावं तसं पुढे बसवून आणलं. बैठकीत जोडलं, ढोलकीचं रेकॉर्डिंग लावलं, आणि कुणीतरी पाण्याची रिकामी टाकी बडवतंय असा आवाज सुरू झाला! माझ्या खुर्चीत नुसतं घों घों. कोपऱ्यात गेलं की छातीत धडका. आणि स्वयंपाकघरात ताटं आपणहून मांडणीवरून उतरायला लागली.

"अहो, तुमचं गाणं माझ्या ताटात वाजून राहिलं!" आमची सुमन आतून ओरडली.

त्यात तिच्या भावाचा, दिगंबरचा, कळमनुरीहून फोन आला. दिगंबरकडे असं खोकं माझ्या दोन वर्षं आधीपासून आहे. दर सणाला तो मला त्या खोक्यापुढे बसवतो आणि मी किती थक्क झालो ते तपासतो.

"दाजी, डबा कुणी बी आणील. बास बराबर बसवायला कान लागतो."

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ये, आन् ऐकून जा!" मी गरजलो. आता प्रश्न इज्जतीचा होता.

मी दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "खोकं तुमच्या खुर्चीवर ठेवा आन् तुमी जमिनीवर रांगत फिरा. जिथं बास बराबर ऐकू येईल, तीच खोक्याची जागा."

मी रांगलो! डोळे मिटून, कान फरशीजवळ नेऊन, भिंतीभिंतीने. तेवढ्यात शेजारचा बापूराव आत आला.

"आण्णा, काय हरवलं?"

"बास सापडून न्हाई राहिला."

"थांबा, मी बी बघतो." आणि तोही गुडघ्यांवर बसला. (बास म्हणजे काय, हे त्याने अर्ध्या तासाने, कपाटाखाली हात घालून झाल्यावर विचारलं.) जागा काही सापडली नाही. दोघांचे गुडघे मात्र सुजले.

मग चमत्कार झाला. आमच्या कोठीची फरशी उखडली होती, म्हणून सुमनने हळदीची सत्तावीस पोती बैठकीत आणून मागच्या भिंतीला लावली. संध्याकाळी मी सहज ढोलकी लावली आणि खुर्चीतून उठलोच! थाप आली, थांबली, मग दुसरी आली. घुमणं नाही, गुरगुरणं नाही. जास्तीचा सगळा आवाज पोत्यांनी गिळला होता. मराठवाड्यात हळदीचा असा उपयोग करणारा पहिला माणूस मीच, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

"आता हळद बाजारात पाठवा," चार दिवसांनी सुमन म्हणाली. "भाव बरा हाय."

"न्हाई! एक पोतं हलणार न्हाई!"

"काहून?"

"थांबू जरा." खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

हे बापूरावने कुंपणापलीकडून ऐकलं. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर बिघडल्यामुळे माझी हळद उशिरा मोंढ्यात गेली होती आणि नेमका तेव्हाच भाव चढला होता. तेव्हापासून गाव मला भावातला जाणकार मानतं. (मी कधी खुलासा केला नाही.) संध्याकाळपर्यंत गावभर झालं, 'आण्णा थांबलेत!' सगळ्यांनी आपापली हळद रोखली. पारावर लोक मला वाट देऊ लागले. मी गंभीर चेहऱ्याने आभाळाकडे बघत चालू लागलो. बरं दिसायचं ते!

रविवार उजाडला. दिगंबरला आणायला मी वारंगा फाट्यावर गेलो. येताना त्याला वाटभर बास समजावून सांगितला. घरी येऊन दार उघडलं, तर बैठक लख्ख रिकामी!

"पोती कुठंयत?"

"गेली हिंगोलीला," सुमन पदर खोचत म्हणाली. "माझा भाऊ येणार, त्याला काय पोत्यावर बसवू?"

मी बटण दाबलं. घों घों! ताटं उतरली.

"व्हय दाजी," दिगंबर अत्यंत प्रेमाने म्हणाला, "बसतो हळूहळू."

तेवढ्यात अंगणात गलका झाला. बापूरावला पुढे घालून अठरा माणसं घरात शिरली.

"आमाला थांबवलं आन् सवता सकाळीच इकून मोकळे?"

"मी कधी थांबा म्हटलं?"

"तुमी थांबला, म्हंजी सांगितल्यावानीच झालं की! काहून थांबला व्हता मग?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बासासाठी," मी म्हणालो.

अठरा तोंडं उघडीच राहिली. बापूराव तेवढा कळवळून म्हणाला, "आजून सापडला न्हाई व्हय?"

"आधी बसा, मंग भांडा," सुमनने सतरंजी अंथरली. "भाव व्हता तिथंच हाय, कुणाचं काही गेलं न्हाई. चहा घ्या." आणि हळद जिथे होती, तिथेच अठरा माणसं मागच्या भिंतीला खेटून, खांद्याला खांदा लावून बसली. ढोलकी चालूच होती, आणि अचानक सुधारली!

माझ्या खुर्चीत बसलेला दिगंबर ताठ झाला. "दाजी! थाप मोजता येऊन राहिली! असा बास मी जन्मात ऐकला न्हाई." मग तो भारावून विचारू लागला, "माझ्याकडं बी असंच पाहिजे. काय काय लागतं?"

"खोकं हिंगोलीत मिळतं," मी छाती काढून म्हणालो. "बाकी अठरा माणसं लागतात, आन् चिडलेली असली तर जवळजवळ बसतात."

तर जिल्ह्यातला सगळ्यात नेमका बास त्या दिवशी माझ्या घरात वाजला, हे खुद्द दिगंबरच आता गावोगाव सांगतो. तो कसा होता, हे मात्र मला विचारू नका. बास नीट ऐकू येणाऱ्या एकमेव खुर्चीत पाहुणा होता, आणि मी दारात एकवीस कपांचा ट्रे धरून घों घों ऐकत उभा होतो!