शहाळ्याएवढ्या दगडाची सुपारी

मुलांनो, तुम्ही सुट्टीत याल तेव्हा ज्या खोलीत झोपाल, तिच्या स्लॅबची खडी आपल्याच विहिरीच्या दगडाची आहे. विहीर खोल केली तेव्हा निघालेला ढीग मी नीट ताडपत्री घालून ठेवला होता. स्लॅबच्या आदल्या दिवशी तो टेम्पोत भरून पावस गावाच्या रस्त्यावरच्या दगड फोडायच्या क्रशरवर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी येणार होते. त्यांची तारीख चुकली असती तर पावसाळ्यापूर्वी स्लॅब ओतला गेला नसता.

क्रशर चालवणारे मिस्त्री मंडणगडकडचे. त्यांनी मशीन सुरूच केले नाही. हातोडी घेऊन एकेक दगड ठोकत बसले.

"अहो, सगळा आमच्याच विहिरीचा दगड आहे," मी म्हटले.

"काकू, विहीर एक, पण दगड दोन! वर जांभा, खाली काळा. जांभा मऊ. ओला असला की मशीनच्या जबड्याला चिखलासारखा चिकटतो. आणि खडीत गेला तर स्लॅब पाणी पिणार. मग मला शिव्या घालाल."

काळा दगड ठण्णकन वाजे, जांभा नुसता धप्प. मी शिकलेली बाई, पण ढीग रचताना हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. शेवटी मीही पदर खोचून निवडायला बसले. दोन तास गेले.

मग मशीन सुरू झाले. जबड्याचा एक लोखंडी पाट स्थिर, दुसरा पुढेमागे हलणारा. वर रुंद, खाली अरुंद. शहाळ्याएवढा दगड दाबला जाऊन फुटायचा, तुकडे खाली घसरायचे, पुन्हा दाबले जायचे. बाहेर पडायचे ते मुठीएवढे.

"एकदम सुपारीएवढे का नाही करत? उशीर होतोय," मी म्हटले.

"खालची फट आवळली तर दगड अडकेल, नाहीतर नुसता भुगा होईल. काकू, तुम्ही भाकरी एका घासात गिळता काय?"

मुठीएवढे तुकडे दुसऱ्या मशीनमध्ये गेले, तिथून चाळणीवर. बारीक ते खाली पडले, मोठे राहिले ते परत दळायला. दिवेलागणीला टेम्पो भरला. मूठभर खडी तळहातावर घेतली, तर सगळे दाणे सुपारीएवढे, एकसारखे. शाळेत वर्षानुवर्षे वह्या तपासल्या, पण इतके नीट काम क्वचितच पाहिले.

सकाळी स्लॅब ओतला. दोन पावसाळे झाले, छताला एक डागही नाही. निवडलेल्या जांभ्याची मी दारापुढे पायरी केली आहे. आलात की तिच्यावर हातोडी मारून बघा.