हातोडी मॅडम

हातोडी मॅडमनी आयुष्यात कोणाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. भिवंडीच्या आमच्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवायच्या. वर्गात शिरल्या की खडक फोडायची हातोडी टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "ज्यांना गोदामात नोकरी करायची आहे त्यांनी आत्ताच उठा." वडपे गावची दोन मुलं एकदा खरंच उठून गेली. मॅडमनी त्यांची नावं हजेरीतून खोडली.

मला त्या आवडत नव्हत्या. माझं कोन गावच्या शाळेतलं पाठांतर त्यांना सहन होत नसे, आणि मला त्यांचा तो कुत्सित आवाज.

शेवटच्या वर्षी त्या आम्हाला राजस्थानात, अरवली पर्वतात घेऊन गेल्या. आपल्याकडचा काळा दगड आडवा, थरावर थर. तिथला मात्र चुरगळलेल्या चादरीसारखा, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या घड्याच घड्या. मी म्हटलं, "मॅडम, हा वितळून वाहिलाय."

"वितळला असता तर हे पट्टे राहिले असते का, शहाणे? दोन भूखंड एकमेकांवर आदळले. खाली खोल हा दगड तापला, दाबला गेला आणि घट्टच्या घट्ट वाहिला. लाखो वर्षं, नखाएवढा नखाएवढा. तुझ्या डोक्यात शिरायलाही तेवढीच लागतील."

सगळे हसले. मला त्यांनी एक कातळ नेमून दिला. प्रत्येक पट्ट्याचा कल मोजायचा, वहीत लिहायचा. ऊन भयंकर होतं. अर्धी मापं घेतली आणि उरलेली मी बाभळीखाली बसून मनानेच लिहिली.

भिवंडीला परतल्यावर मॅडमनी वही उघडली. एका आकड्यावर बोट ठेवलं. "थर इथे वळतो. तुझ्या वहीत तो सरळ चाललाय. खोटं लिहिलंस."

त्यांनी सही केली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

बाबा विनवायला आले. "म्याडम, पोरीचं वरीस फुकट जाईल. एक सही करायची, बाकी काय हाय त्यात?"

"खोटेपणा आहे त्यात," मॅडम म्हणाल्या. "निघा."

बाबा मान खाली घालून जिना उतरले. ते मी मॅडमना कधीच माफ केलं नाही.

पुढच्या वर्षी मागच्या मुलांबरोबर त्याच कातळाशी गेले. मॅडम माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रागाच्या भरात मी एकेक पट्टा मोजला. दुपारी कधीतरी दिसलं, की कडक पट्टा ताणला जाऊन तुकडे तुकडे झालाय आणि मऊ दगड त्या तुकड्यांमधल्या फटींत शिरलाय. मी राग विसरून बघत बसले. मॅडमनी वही तपासली, सही केली आणि माझ्याकडे ढकलली. "हेच वर्षभर आधी करता आलं असतं."

आता मी हिमालयात बोगद्यांवर काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बोगद्याची भिंत दाबाने आत सरकू लागली. साहेब म्हणाले, "आकडे जरा कमी दाखवा, काम थांबायला नको." मी नकार दिला. खूप भांडण झालं. शेवटी माणसं बाहेर काढली आणि चौथ्या दिवशी भिंत कोसळली. आत कोणी नव्हतं.

सुट्टीत भिवंडीजवळच्या अंजूरला मॅडमच्या घरी गेले. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी सगळं सांगितलं. "भिंत किती आत आली?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. चहा नाही, बस म्हणणं नाही. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "त्या बोगद्याची आकृती पाठव."

मी पाठवली. उत्तर आलं नाही. नंतर त्या गेल्याचं कळलं. महिन्याभराने त्यांच्या भाचीने एक पाकीट पाठवलं. आत माझी आकृती होती. दाबाची दिशा दाखवणारे तीन बाण थरथरत्या लाल रेघांनी खोडलेले. बाकी एक अक्षर नाही.

मी चिडून चांगला आठवडाभर हिशेब पुन्हा केला. तिन्ही बाण चुकलेलेच होते.